अंकाआधीचे माप

नांदेडला मीटर आला तो कायद्याने नव्हे, रेल्वेने. विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाडकडे जाणारा मार्ग नांदेडवरून गेला. त्याच्या दोन रुळांमधले अंतर एक मीटर होते. देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारण्याच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट. तरीही इंजिनाचे भाग फूट-इंचांत घडत, खुद्द तो मीटरही कागदोपत्री ३ फूट ३ ३/८ इंच असा लिहिला जाई, आणि स्टेशनाबाहेर बाजारात कापड गजाने मोजले जाई. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वे पोचली, तिचे रूळ अडीच फुटी. वजन-मापांचा नवा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेडमधल्या फॅब्रिकेटरच्या तोंडी मात्र आजही सूत आहे: आठ सूत म्हणजे एक इंच.

राज्य बदलले, की इथे मोजपट्टी बदलली. तरी खांब गोल झाले, चाके फिरली, शाफ्ट बुशात नीट बसले. याचे कारण मराठवाड्याच्या कारागिराने माप आकड्यात सांगण्याआधी हातात धरले. दोन पायांचा परकार, म्हणजे आजचा डिव्हायडर, आणि वाकड्या पायांचा कॅलिपर यांच्यावर एकही अंक नसतो. ती वस्तूचे आकारमान उचलतात आणि जसेच्या तसे दुसऱ्या वस्तूवर नेऊन ठेवतात. आज आकडा दाखवणारी साधने स्वस्त झाली आहेत, म्हणून ही दोन हत्यारे अडगळीत टाकली जाऊ नयेत, असे आमचे ठाम मत आहे.

त्यांचा इतिहास जुना आहे, आणि आपल्या दाराशीही आहे. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या आश्रयाला असलेल्या सूत्रधार मंडनाने ‘राजवल्लभ’ या ग्रंथात बांधकामाची आठ साधने सांगितली आहेत. दृष्टी, गज, मुंजाची दोरी, सुताची दोरी, ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि परकार. दृष्टीला त्याने साधनांत पहिले स्थान दिले, ही गोष्ट आजच्या प्रत्येक प्रशिक्षकाने लक्षात ठेवावी. त्याच्याही आधीची कल्याणी चालुक्यांची कामे पाहा. देगलूर तालुक्यातले होट्टल त्याच काळाची साक्ष देते. चालुक्य शैलीच्या मंदिरांतले कातीव खांब एका अक्षाभोवती वरपासून खालपर्यंत वर्तुळे धरून उभे असतात. समोरासमोरच्या दोन खांबांचे कंगोरे जुळतात ते एकाचे माप दुसऱ्यावर नेल्यामुळेच.

१९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. बिदरी कामाचे ते बिदर. तिथला कारागीर जस्त-तांब्याचे ओतीव भांडे कानशीने घासून त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतो, पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो आणि अणकुचीदार हत्याराने ओढलेली रेघ पांढरी उठते. फिटरही घासलेल्या पोलादावर मोरचुदाचेच पाणी लावतो. तिथे तांब्याचा तांबूस थर बसतो आणि डिव्हायडरची रेघ त्यावर लखलखीत दिसते. चांदीच्या नक्षीचा कारागीर आणि वर्कशॉपमधला फिटर यांची पहिली पायरी एकच आहे.

गावोगावच्या सुतारांनी तर बैलगाडीचे चाक परकारावरच उभे केले. त्रिज्येएवढा उघडलेला परकार परिघावर टाकत गेले, की सहाव्या पावलाला तो पहिल्या खुणेवर येतो. बारा आऱ्यांच्या चाकाला एवढे पुरते: सहा पुठ्ठे, प्रत्येकात दोन आरे. इथे चूक लपत नाही. आऱ्यांच्या बारा भागांसाठी लावलेल्या परकाराच्या उघडझापीत ०.१ मि.मी.चा फरक राहिला, तर बारा पावलांत तो १.२ मि.मी. होऊन शेवटच्या खुणेपाशी डोळ्यांना दिसतो. दिसलेल्या फटीचा बारावा हिस्सा कमी-जास्त करून पुन्हा चालायचे. लोहार धाव परिघापेक्षा किंचित आखूड ठेवी, तापवून चढवी, पाणी ओतले की ती लाकडाला आवळून बसे. या साऱ्या कामात इंच-सेंटिमीटरचा उच्चारही होत नसे.

पुढे जिनिंग-प्रेसिंग आले, डाळमिली आल्या, साखर कारखाने आले, आणि त्यांच्या मागे लेथची दुकाने आली. लातूरच्या डाळमिलीतला जुना शाफ्ट झिजला, की त्याचे ड्रॉइंग बहुधा कुठेच नसते. झिजलेला भाग हेच ड्रॉइंग. आउटसाइड कॅलिपर शाफ्टच्या न झिजलेल्या टोकाला लावायचा, इनसाइड कॅलिपर बुशाच्या भोकात, आणि दोघांची गाठ घालून फट किती हे बोटांना विचारायचे. यंत्र इंचात घडले की मिलिमीटरमध्ये, हा प्रश्नच उरत नाही.

हत्यार घेताना घाई करू नये. डिव्हायडरचे माप फिरकीच्या मध्यापासून टोकापर्यंत धरतात. शिकणाऱ्याला १५० मि.मी.चा पुरतो. पाय मिटवून पाहावेत: दोन्ही टोके एकाच उंचीवर, एकमेकांना चिकटून आली पाहिजेत. सांधा हलवून पाहावा. आडवी हालचाल जाणवली, तर तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. स्प्रिंगचा आणि स्क्रूचा डिव्हायडर लावलेले माप सोडत नाही, म्हणून एकच अंतर पुन्हा पुन्हा टाकायचे असेल तर तोच चांगला. घट्ट सांध्याचा कॅलिपर मोठ्या कामाला लवकर उघडतो, आणि अखेरचा बारीक फरक हलक्या ठोक्याने साधावा लागतो. टोके बोथट झाली तर ग्राइंडरवर धरू नयेत, पोलादाचे पाणी उतरते. ऑइलस्टोनवर, बाहेरच्या बाजूनेच घासावीत.

वापराचे शिस्तीचे नियम थोडे आहेत, पण मोडले की काम बिघडते. पट्टीचे टोक झिजलेले असते, म्हणून डिव्हायडरचा पहिला पाय १० मि.मी.च्या खाचेत ठेवून माप घ्यावे. वर्तुळ काढण्याआधी बारीक प्रिक पंचाने मध्य टोचावा. सेंटर पंचाच्या रुंद खड्ड्यात पाय सरकतो. गोल सळईचा मध्य हवा असेल तर जेनी कॅलिपरने चार बाजूंनी चाप काढावेत, मधल्या छोट्या चौकोनात मध्य सापडतो. आउटसाइड कॅलिपर कामावरून स्वतःच्या वजनाने उतरला पाहिजे. दाबून उतरवला, तर पाय फाकतात आणि माप खोटे येते. इनसाइड कॅलिपर भोकात हलकेच डोलवून मोठ्यात मोठा व्यास शोधावा. आणि फिरत्या जॉबला कॅलिपर कधीही लावू नये. यात हयगय झाली, तर बोटे जातात.

व्हर्निअरला आमचा विरोध नाही. फ्रान्सच्या पिएर व्हर्निअरने १६३१ साली सुचवलेली ही सरकपट्टी वर्कशॉपची मोठी देणगी आहे. ४९ मि.मी.चे ५० भाग केले, की ०.०२ मि.मी. वाचता येतात. लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरीचे भूमिपूजन २०१८ साली झाले आणि डिसेंबर २०२०मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. अशा कारखान्यात काम करणाऱ्याला अंकांचे माप आलेच पाहिजे. पण मापाचे प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस मानले जाते. नांदेडच्या मे महिन्यात ते वर्कशॉपमध्ये कुठून असणार? त्यातून लेथवरून नुकताच उतरलेला पोलादी शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा २५ अंशांनी गरम असेल, तर १०० मि.मी. व्यासावर सुमारे ०.०३ मि.मी. जास्त दाखवतो. काचेवरचा आकडा हे सांगत नाही. शाफ्टवर आधी हात ठेवून पाहण्याची सवय असलेला मुलगा मात्र थांबतो, थंड होऊ देतो, मग मोजतो. ही सवय कॅलिपरवर हात बसल्याने येते.

फिटरच्या अभ्यासक्रमात ही हत्यारे पहिल्याच वर्षी आहेत. ती एका जॉबपुरती हाताळून पेटीत जाऊ नयेत, एवढे आमचे मागणे आहे. नांदेड आणि लातूरच्या आयटीआयच्या प्राचार्यांना आणि औद्योगिक वसाहतींतल्या कारखानदारांना आमची विनंती आहे: प्रत्येक मुलामुलीला स्वतःचा एक चांगला डिव्हायडर, एक आउटसाइड, एक इनसाइड आणि एक जेनी कॅलिपर द्या, आणि डिजिटल व्हर्निअर हाती देण्याआधी शाफ्ट आणि बुश आकड्यांशिवाय जुळवून घ्या.