नकाशे कपाटात, माणसे मातीत

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकरांची इर्शाळवाडी डोंगराने गाडली. २२८ माणसांच्या त्या वस्तीतले २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण सापडलेच नाहीत आणि शेवटी शोध थांबला. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. त्यावरून सरकारला जे बोलायचे ते सर्वांनी बोलून घेतले. पण एका आरोपीकडे कोणाचे बोटसुद्धा वळले नाही.

तो आरोपी म्हणजे आमची विद्यापीठे. सुदूर संवेदन, जीआयएस, शाश्वत विकास अशा भारदस्त पाट्या लावलेले विभाग राज्यभर आहेत. तेथे दरवर्षी प्रबंध लिहिले जातात, व्हायव्हा उरकतात, पदव्या वाटल्या जातात. मग ज्या वस्तीच्या डोक्यावर डोंगर उभा होता, तिच्या उताराचा एक साधा नकाशा कोणाच्याच संगणकात कसा नव्हता? की होता, पण तो कोणाला सांगावासा वाटला नाही? यांतले कोणते उत्तर जास्त लाजिरवाणे, ते कुलगुरूंनीच ठरवावे.

हा विद्याव्यवहार चालतो कसा, ते पाहा. विद्यार्थी एक तालुका निवडतो. लँडसॅटची चित्रे २००८ पासून फुकट मिळतात. त्यातली वीस वर्षांच्या अंतराची दोन तो उतरवून घेतो आणि सॉफ्टवेअरच्या तोंडी देतो. पाच रंगांचा नकाशा बाहेर पडतो : शेती, जंगल, पाणी, पडीक, वस्ती. वस्ती वाढली, जंगल घटले, ‘योग्य नियोजनाची गरज आहे’, इति निष्कर्ष! नकाशा खरा की खोटा हे जमिनीवर जाऊन पडताळायचे असते, म्हणून शास्त्राने त्याला ग्राउंड ट्रुथ म्हटले. आमचे शूर संशोधक ती पडताळणी गूगल अर्थवर करतात! म्हणजे एका उपग्रहाच्या चित्राला साक्षीदार कोण, तर दुसऱ्या उपग्रहाचे चित्र. चिखलात पाय एकाचाही पडलेला नाही. मग अचूकतेचा कप्पा गुणांक काढायचा, तो चांगला आला की मार्गदर्शकांनी सही ठोकायची, रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरे उमटवायची आणि प्रत कपाटात लोटायची. पुढच्या वर्षी शेजारचा तालुका. पद्धत तीच, निष्कर्ष तोच, फक्त नाव बदललेले.

या नकाशात इर्शाळवाडी दिसली असती का? लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, म्हणजे नऊशे चौरस मीटर. एवढ्या जागेत चार झोपड्या, दोन झाडे आणि एक खळे सहज मावते. यंत्र त्या सगळ्यांना मिळून एकच रंग देणार. पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर शंभर मीटरची वाडी दोन मिलिमीटरची होते. पेन्सिलीचे टोक टेकवले की नाहीशी. हे सगळे पहिल्या सत्रात शिकवतात, परीक्षेत विचारतात, त्याला गुणही देतात. आणि तरीही त्याच ठिपक्यांवर विसंबून ‘संपूर्ण तालुक्याचा धोका-आराखडा’ लिहायला मुलांना बसवतात. जे ठाऊक आहे त्याच्याविरुद्ध वागणे याला अज्ञान म्हणत नाहीत.

दरड पावसाळ्यात कोसळते आणि पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग असतात. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला तेव्हा खाली पांढऱ्या कापसाखेरीज काही दिसत नाही. ढगांतून आरपार पाहते ते रडार. युरोपच्या सेंटिनेल-१ ची रडारचित्रे २०१४ पासून कोणालाही फुकट मिळतात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा रडार-उपग्रह गेला. तो दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा तपासतो आणि सेंटिमीटरभर हललेलीही टिपू शकतो. आमच्याकडे मात्र रडार म्हणजे अभ्यासक्रमाच्या शेवटी, वेळ उरला तर घ्यायचे एक युनिट!

त्या उड्डाणाची तारीखही नीट वाचा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले आणि दीडशेवर माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याची खबर बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. आकाशात तेव्हा उपग्रहांची वाण नव्हती आणि खाली पदवीधरांचीही नव्हती. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातले तळिये गेले. ३० जुलै २०२४ ला, माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्याच दिवशी, केरळातल्या वायनाडमधली गावे गेली.

‘हे काम भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, आम्ही शिकवणारे लोक,’ असा बचाव विभागप्रमुख करतील. दरड कोणत्या तासाला सुटेल हे उपग्रह सांगू शकत नाही, हेही ते ऐकवतील. मान्य. पण ती कोठे सुटू शकते, हे शिकवणे तर तुमचेच काम ना? काळ्या कातळावर कुजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर बसलेला असतो. पाऊस त्यात मुरतो, कातळाशी येऊन अडतो, तेथे पाण्याचा दाब वाढतो आणि वरचा थर निसटतो. त्यातच कोणी रस्त्यासाठी जेसीबीने पायथा कापलेला असेल तर विचारायलाच नको. उतारावर पडलेली भेग, कललेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा ही चिन्हे बघायला कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही. लागतात ते चालणारे पाय. सर्वेक्षणाची माणसे मोजकी, डोंगर असंख्य. विद्यार्थी मात्र प्रत्येक तालुक्यात आहेत.

आणि शाश्वत विकास? त्याच्या सतरा ध्येयांचे रंगीत चौकोन प्रत्येक महाविद्यालयाच्या भिंतीवर लावून झाले, नॅकच्या समितीने ते पाहून मान डोलावली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचा विषय सक्तीचा करायला सांगितले. आम्ही त्याचे काय केले? ज्याचा तासिकांचा भार कमी, त्याच्या गळ्यात तो बांधला! माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचे चौकोन पाडून प्रत्येकाची संवेदनशीलता मोजली आणि निर्णय ग्रामसभांपुढे न्या असे सांगितले. सरकारने तो अहवाल दाबला. तो २०१२ मध्ये बाहेर आला तो माहिती अधिकारामुळे आणि दिल्ली उच्च न्यायालयामुळे. सह्याद्रीत बसून हे शास्त्र शिकवायचे तर याहून मोठे पाठ्यपुस्तक कोणते? पण आमच्याकडे त्यावर येते पाच गुणांची टीप. वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्या दिवशी केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा सहाव्यांदा काढला, त्यात महाराष्ट्राचे सतरा हजारांवर चौरस किलोमीटर आहेत. त्यावर किती विभागांनी लेखी हरकत किंवा सूचना पाठवली, हे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावे.

शिकवणाऱ्यांतही दोन जाती आहेत. प्रयोगशाळा ज्याच्या जिवावर चालते तो नेट-सेट झालेला तरुण तासिका तत्त्वावर, सुट्टीत उपाशी. त्याच्यावर आमचा राग नाही. राग आहे तो कायम पगारावर बसून पदे भरू न देणाऱ्यांवर, क्यूजीआयएस फुकट असताना महागड्या परवान्यांच्या निविदा काढणाऱ्यांवर. या कारखान्यातून निघालेला मुलगा शेवटी काय करतो? एखाद्या कंपनीत बसून परदेशातल्या शहरांच्या छपरांना कडा काढतो. आपल्या गावच्या ओढ्याची वाट त्याला कोणी कधी काढायला लावलीच नाही.

हे असेच असावे लागते असेही नाही. शास्त्रज्ञ डॉ. पिशारोटींनी १९७० मध्ये केरळातल्या नारळाच्या रोगासाठी हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड छायाचित्रे घेतली आणि त्यातून या देशाचे सुदूर संवेदन उभे राहिले. त्याची सुरुवात झाली ती शेतकऱ्याच्या झाडापासून. मुंबईच्या आयआयटीतील ‘सितारा’ केंद्राने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत बसवली आणि ती कृषी संजीवनी प्रकल्पातल्या हजारो गावांसाठी वापरली गेली. तेव्हा जमत नाही, ही सबब चालणार नाही.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विभागाने आपल्या भागातल्या डोंगरउतारावरच्या वाड्या वाटून घ्याव्यात. मुलांनी त्या पायी पाहाव्यात, भेगा मोजाव्यात, झरे नोंदवावेत, मोठ्या प्रमाणाचा नकाशा मराठीत काढावा. व्हायव्हा त्या गावच्या ग्रामसभेत घ्यावी. नकाशा तहसीलदाराकडे लेखी पोच घेऊन द्यावा, आणि पोच नसेल तर गुण देऊ नयेत. पुढच्या मृगापूर्वी ज्या विभागांनी आपल्या वाड्यांची यादी दारावर लावली, त्यांची नावे आम्ही याच स्तंभात छापू. ज्यांनी लावली नाही, त्यांचीही छापू.