व्हर्च्युअल बॉय : अपयशाचा इतिहास कसा वाचावा?

१/ २१ जुलै १९९५ रोजी निन्टेंडो कंपनीचे ‘व्हर्च्युअल बॉय’ हे खेळयंत्र जपानमध्ये विक्रीस आले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत, १७९.९५ डॉलरला. वर्ष संपण्यापूर्वी जपानने ते गुंडाळले, १९९६च्या आरंभी अमेरिकेनेही. एकूण विक्री सुमारे ७,७०,००० नग, खेळ अवघे २२.

२/ यंत्र दोन पायांच्या घोडीवर टेबलावर ठेवायचे आणि वाकून त्यात डोळे खुपसायचे. आत काळ्या पार्श्वभूमीवर लाल चित्रे. मान वळवली तरी दृश्य वळत नसे. नावातले ‘व्हर्च्युअल’ हे वचन येथेच मोडले होते.

३/ लालच रंग का? प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींची एकच रांग होती. वेगाने हलणारा आरसा त्या रांगेचे चित्र करी. लाल एलईडी स्वस्त व कमी वीज खाणारे. तेजस्वी निळा एलईडी १९९३ मध्ये कोठे सादर झाला होता. रंगीत यंत्र परवडणारे नव्हते.

४/ निर्माते गुनपेई योकोई. त्यांचे सूत्र : जुने झालेले, स्वस्त तंत्रज्ञान नव्या रीतीने वापरावे. १९९६ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. ‘अपयशाची शिक्षा’ ही कथा तेव्हापासून रूढ आहे. परंतु निवृत्तीचा त्यांचा विचार जुनाच होता, असे निकटवर्तीयांनी नोंदवले आहे. सोयीस्कर कथेपुढे अशा नोंदी मागे पडतात.

५/ शिवाय याच सूत्राने १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ घडवला होता. मग दोष केवळ सूत्राचा कसा? गेम बॉय खेळणाऱ्या मुलाच्या खांद्यावरून मित्र डोकावू शकत. केबलने दोघे एकत्र खेळत. व्हर्च्युअल बॉयमध्ये जोडणीची खाच होती, केबल मात्र कधीच विक्रीस आली नाही. खेळणारा एकटा, बघणाऱ्यांना काहीच दिसेना.

६/ जाहिरातीचीही तीच अडचण. सपाट कागदावर खोली छापता येत नाही. आज अभ्यासकापुढेही तोच पेच आहे : उपलब्ध छायाचित्रांत लाल रेषा दिसतात, अनुभव दिसत नाही. मूळ यंत्रांतही पडद्याच्या जोडणीचा गोंद सुटून चित्र तुटू लागते.

७/ म्हणून त्या काळच्या मुलांची आठवण हे येथे दुय्यम नव्हे, महत्त्वाचे साधन ठरते. अवघडलेली मान, शिणलेले डोळे, विश्रांतीची आठवण देणारी सूचना आणि तरीही प्रथमच जाणवलेली ती खोली. आठवणी वाढवून सांगितल्या जातात, हे खरे. त्या चालू यंत्राशी ताडून पाहाव्यात.

८/ ती मुले आज चाळिशीत आहेत. ‘फसलेली यंत्रे’ या यादीतील एक विनोद म्हणून हा विषय मिटवण्यापूर्वी, त्यांचे सांगणे लिहून घेतले पाहिजे. यंत्रे एकेक करून बंद पडत आहेत.