मेसचे बिल महिन्याला, मग भत्ता उशिरा का?

शिरूर किंवा दौंड तालुक्यातला मुलगा पुण्यात शिकायला निघतो, तेव्हा घरात पहिला प्रश्न असतो, राहणार कुठे? दुसरा लगेच येतो, खाणार काय? अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. धड जवळ नाही, धड लांब नाही. दौंडची मुले डेमूने, शिरूरची एसटीने रोज ये-जा करून पाहतात. पण प्रॅक्टिकल आणि परीक्षा सुरू झाल्या की खोली आणि मेस लागतेच.

सरकार किती देते?

सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला 60 हजार रुपये मिळतात. त्यात भोजनासाठी 32 हजार, निवासासाठी 20 हजार आणि निर्वाहासाठी 8 हजार. विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा, ही अट आहे. त्यामुळे पुण्यात शिकणारी शिरूर-दौंडची मुले, बाकीच्या अटी पूर्ण करत असतील, तर अर्ज करू शकतात. इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी पुढे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. तिच्यातही भोजनाचा आकडा 32 हजारच ठेवला गेला.

एका ताटाला किती?

शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरू. महिन्याला 3,200 रुपये आले. रोज दोन जेवणे, म्हणजे महिन्यात साठ ताटे. एका ताटाला 53 रुपये. नाश्ता आणि चहा यात नाही.

आता दुसरा आकडा पाहा. जानेवारी 2020 मध्ये शिवभोजन थाळी सुरू झाली. ग्राहकाला ती 10 रुपयांत मिळे, पण शहरी भागात तिची किंमत सरकारनेच 50 रुपये धरली होती. त्यात दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. वाढत्या वयाच्या, दिवसभर कॉलेज करणाऱ्या मुलाचे पोट दोन चपात्यांत भरते का, हे कोणत्याही आईला विचारा.

खरी अडचण वेळेची

रक्कम कमी आहेच. पण त्याहून मोठी अडचण ती कधी मिळते ही आहे. पैसे उशिरा येतात, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. मेसवाला मात्र महिन्याच्या सुरुवातीलाच पैसे मागतो. मग घरचे उसने काढतात किंवा मुलगा एक वेळचे जेवण बंद करतो. दुपारी वडापाव, रात्री मेस. बाहेरून कुणाला कळतही नाही.

रोख पैसे दिले की विद्यार्थ्याला हवे ते खाता येते, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे, पण पैसे वेळेवर आले तरच. 2018 मध्ये आदिवासी वसतिगृहांतील मेसऐवजी खात्यात पैसे देण्याला विरोध करत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. शिजलेले ताट उशिरा येत नाही, बँकेतला भत्ता येतो, ही भीती त्यांना होती.

काय करता येईल?

भोजनाची रक्कम वेगळी काढून दरमहा पाच तारखेच्या आत खात्यात जमा करावी. कागदपत्रांची तपासणी मागाहून चालू राहू द्या, पण त्यासाठी जेवण अडवू नका. आकडा दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवावा. ज्या कॉलेजांच्या आवारात जागा आहे, तिथे विद्यार्थ्यांच्या समितीच्या देखरेखीखाली ना नफा तत्त्वावर मेस चालवावी.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि जेवत. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पोट भरल्याशिवाय शिक्षण नाही, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. आज दागिने मोडण्याची गरज नाही. तारीख पाळली तरी पुरे.