किनाऱ्यालगतचे शेजारी

देवमासा, डॉल्फिन म्हटलं की दूरचा, खोल समुद्र डोळ्यांपुढे येतो. पण कोकणातल्या हंपबॅक डॉल्फिनला खाडीच्या तोंडाजवळचं उथळ, गढूळ पाणीच मानवतं. तिथेच त्याची मासळी. आणि नेमकी तिथेच आपली जाळी, बंदरं, सांडपाणीही. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे तर ध्रुवाकडे स्थलांतरच करत नाहीत. इथेच खातात, इथेच वितात. त्यांना दुसरं घर नाही.

संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्रात मच्छीमाराला भरपाई मिळते. २०१८ची ही योजना मला फार मोलाची वाटते. कोळ्याच्या पोटावर पाय देऊन डॉल्फिन वाचणार नाही. म्हणूनच या अंकात अभ्यासकांइतकीच जागा मच्छीमारांना दिली आहे.