डबा नेमका कोणासाठी असतो?

गेल्या शनिवारी जासईला ताईकडे गेलो होतो. जेवायला बसलो तर शेजारी भाचेसाहेब (वय वर्षं सात). ताटात तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाचं बिरडं. पठ्ठ्याने दीड भाकरी एक शब्द न बोलता संपवली, वर बिरड्याचा रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायला. आणि ताई मला सांगतेय, "अरे, काही म्हणजे काही खात नाही हा. रोज डबा जसाच्या तसा परत येतो. टीचरनी डायरीत लिहून पाठवलंय, फसी ईटर आहे म्हणून."

मी भाच्याकडे बघितलं. फसी ईटर तेव्हा बोटं चाटत होता.

मग ती डायरी मागवली. शेवटच्या पानावर आठवड्याचा मेनू छापलेला. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी इडली नाहीतर उपमा, बुधवारी कडधान्य, गुरुवारी पराठा, शुक्रवारी 'हेल्दी स्नॅक'. खाली ठळक अक्षरांत: अंडी, मासे, मटण डब्यात आणू नये. सुट्टी पंधरा मिनिटांची. त्यातच हात धुणं, रांग आणि मित्राशी भांडणं. आता बोला!

आमच्या धंद्यात याला एक नाव आहे. युजरला न विचारता सॉफ्टवेअर बनवायचं, आणि त्याने ते वापरलं नाही की म्हणायचं, युजरच मठ्ठ आहे. डब्याचा युजर सात वर्षांचा आहे. त्याला सोडून सगळ्यांना विचारलं गेलंय. टीचरना वास नको, संस्थेला वाद नको, आणि आयांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला ताऱ्याच्या आकाराचं सँडविच हवं. पोट कोणाचं भरायचंय, हा प्रश्न शेवटी.

मुलं नखरे करतात, मान्य. साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची भीती वाटणं हा वाढीचाच भाग असतो. लिअन बर्च या अमेरिकन संशोधिकेने १९८० च्या दशकात लहान मुलांवर प्रयोग केले. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. एक, अनोळखी पदार्थ पुन्हा पुन्हा, थोडा थोडा चाखायला मिळाला की आवडायला लागतो. दोन, 'हे संपव, मग बक्षीस देते' म्हटलं की त्या पदार्थाची आवड उलट कमी होते. म्हणजे डबा संपवला तर स्टार, हा आपला लाडका उपाय बूमरँग आहे. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंची वाटणी मला सगळ्यात पटते. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, ते मुलाने.

पण जासईतल्या केसमध्ये नखरे नाहीतच. पोरगं घरी सगळं खातं. ताईच्या सासूबाईंनी एका वाक्यात बग सांगितला, "घरान सगला खातंय, मग शालंनच काय व्हतं?"

मी काय करणार, लॉग काढायला सांगितला. काय दिलं आणि किती परत आलं, बस. पहिल्याच आठवड्यात चित्र स्पष्ट. गार उपमा पूर्ण परत. पराठा अर्धा परत. नियम थोडा वाकवून दिलेलं घावन आणि सुकं बिरडं, डबा स्वच्छ! भाकरी मात्र परत आली, पण कारण साधं आहे. गार झाल्यावर तांदळाच्या पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि भाकरी चामट होते. यात मुलाचा काय दोष?

तर उपाय अगदी सोपे. रात्री दोनच पर्याय देऊन त्याला निवडू द्या. गार झाल्यावर आपण स्वतः खाऊन बघा. वाटतं त्याच्या निम्मंच भरा. नवीन पदार्थ फक्त दोन घास, ओळखीच्या पदार्थाशेजारी.

आता विरोधी पक्ष. "वर्गात माशांचा वास येतो." येतो ना! बंद खोलीत सुकट मलाही नको. "शाकाहारी मुलांचं काय?" त्यांना दुसऱ्याच्या डब्यातलं खायची सक्ती नको, हे शंभर टक्के बरोबर. एखाद्याला अ‍ॅलर्जी असेल तर तो नियमही कडक हवा. पण उकडलेल्या अंड्याला किंवा आम्लेट-पोळीला कसला एवढा वास? खिडक्या उघडा, नाहीतर व्हरांड्यात बसवा. वासाचा प्रश्न खिडकीने सुटतो, त्याला 'हेल्दी'चं लेबल कशाला? वेफर्स नकोत, हे ठीकच. राज्य सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या कँटीनमधून जंक फूड हटवायला सांगितलं तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. पण अंडं म्हणजे वेफर्स नव्हे. आणि सरकारचंही कौतुक किती करायचं? २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून शाळांना सांगितलं, लोकसहभागातून पैसे उभे करा.

असो. हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितोय? जेवण झाल्यावर भाच्याने हळूच विचारलं, "मामा, सुकट घाण असते का?"

हे गाव दि. बा. पाटलांचं. जानेवारी १९८४ मध्ये या पट्ट्यातले लोक जमिनीसाठी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या गावातलं सात वर्षांचं पोर आपल्या आजीच्या हातचं जेवण घाण आहे का, असं विचारतंय. हे त्याला कोणी शिकवलं नाही. डायरीचं शेवटचं पान त्याने रोज वाचलं, एवढंच.

उपमा परत आला तर संध्याकाळी भूक लागेल, फार काही बिघडणार नाही. पण ही लाज पोटात गेली की परत येत नाही. ताईने आणि मी मिळून शाळेला पत्र लिहिलंय. सोमवारी देणार. तुमच्याही पोरांची डायरी जरा शेवटच्या पानावर उघडून बघा.