नोंदणी कचेरीत धर्म कशाला?

मा. संजय देशमुख,
खासदार, यवतमाळ-वाशीम
यांस,

समलिंगी विवाहाची मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचे खूळ, अशा अर्थाचे म्हणणे केंद्र सरकारने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मांडले. आपल्या यवतमाळात मात्र ३० डिसेंबर २०१७ रोजी, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची टांगती तलवार असतानाच, इथल्या एका तरुणाने पाहुण्यांसमोर व्हिएतनामी जोडीदाराशी लग्न लावले. तो अमेरिकेत स्थायिक, म्हणून उदाहरण बाद, असे कोणी म्हणेल. पण ज्यांना गाव सोडणे परवडत नाही, त्यांची बातमी होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने हा विषय संसदेकडे टोलवला, म्हणून पत्र तुम्हाला.

विरोधाचा मुख्य आधार धर्म. विवाह हा संस्कार आहे, असे संघाचे दत्तात्रेय होसबाळे म्हणाले. जमियत उलेमा-ए-हिंदही विरोधासाठी न्यायालयात उभी राहिली. (एरवी या दोघांचे कशात जमते?) त्यांची श्रद्धा खरीच असेल, पण कुणा भटजीला किंवा काझीला असे लग्न लावायची सक्ती मुळात कोणी मागितलेलीच नाही. सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये खासगी विधेयक आणले ते विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये बदल करण्यासाठी. तिथे सप्तपदी नाही, निकाह नाही. नोटीस, तीन साक्षीदार आणि सह्या. आणि संस्काराला कायद्याने हात लावू नये म्हणावे, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट दिलाच की. त्याही आधी, १८७३ पासून, सत्यशोधकांनी भटजीविना लग्ने लावली. अशा एका लग्नावरून ओतूरच्या जोशी भटजींनी दक्षिणा बुडाल्याचा दावा ठोकला. तो मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. धर्म त्यानंतरही शाबूत राहिला.

समाज अजून तयार नाही, हा आक्षेप जास्त वजनदार. पण घरचे पाठीशी नसतात तिथेच कायद्याची गरज पडते. मृत्युपत्र न करता एक जोडीदार गेला, तर तलाठी फेरफारात भावा-पुतण्यांची नावे लावतो. सोबत राहून त्याच वावरात कपाशी वेचणारा दुसरा वारसांत बसतच नाही. केंद्राने २०२४ मध्ये अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते आणि एका शिधापत्रिकेवर नाव लावण्याची वाट मोकळी केली. रेशनसाठी जे एक कुटुंब, ते सातबाऱ्यावर परके कसे, हा प्रश्न तुम्ही पुढच्या अधिवेशनात लेखी विचारावा.