दंडाची पावती जपा, गुड मॉर्निंग पुसा

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप घातलेले आणि कमरेला घुंगरू बांधलेले बुध्या नाचतात आणि उजाडता उजाडता उंच बांबूला अग्नी दिला जातो. हल्ली त्या वेळी गर्दीत हात दिसतात ते मोबाइल वर धरलेले. माणूस घरी पोचेपर्यंत तोच बांबू, तीच ज्वाळा, तोच टोप फोनमध्ये पन्नासदा साठलेला असतो. ग्रुपवर इतरांनी टाकलेले वेगळेच. मग धुळवडीचा रंग निघायच्या आत फोन सांगतो, जागा संपली.

रोलमध्ये 36 फोटो असायचे तेव्हा बटण दाबण्याआधी माणूस क्षणभर बघायचा. आता बघणं पुढे ढकललं गेलं आहे, आणि ते पुढेही होत नाही. अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका संग्रहालयात प्रयोग केला. तो 2014 साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. जिथे एखादा बारकावा जवळ ओढून टिपला होता, तिथे मात्र ही घट दिसली नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही, न बघता टिपण्याचा आहे. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2015 मध्ये एका रुग्णाची नोंद केली. तो रोज हजारभर फोटो काढायचा, ते लावण्यात त्याचे तास जायचे आणि काढलेले फोटो तो पुन्हा बघतही नसे. आपण रुग्ण नाही, पण वळण ओळखीचं आहे.

आपल्याकडे यात गुड मॉर्निंगची भर. सूर्योदय, गुलाब, गणपती आणि खाली सुविचार. भारतीयांचे फोन या शुभेच्छांनी तुंबतात हे गूगलच्याही लक्षात आलं, आणि 2017 च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या फाइल्स अ‍ॅपला अशी चित्रं हुडकायला शिकवावं लागलं.

आवराआवरीचा सल्ला देणारे आता पुष्कळ आहेत. जपानच्या मारी कोंडो यांची कसोटी जगभर गाजली: वस्तू हातात घ्या, आनंद देत असेल तर ठेवा, नाहीतर निरोप द्या. कपड्यांच्या कपाटाला ती ठीक असेल. नंदुरबार जिल्ह्यात ती चालणार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सातपुड्यातल्या वनदाव्यांचंच बघा. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली आदिवासी कुटुंबाला आपली कसवणूक 13 डिसेंबर 2005 पूर्वीची आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी पुढे येणाऱ्या कागदांत वनखात्याने जंगलात शेती केली म्हणून केलेल्या दंडाच्या पावत्याही असतात. त्या पावतीने कुणाला कधी आनंद दिला? पण ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवलं, तोच आज मुलाचा पुरावा आहे. त्याचा फोटो कुठल्याशा फोनमध्ये दोन गुलाबांच्या मध्ये अडकलेला असतो. सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेल्या मणिबेली गावाचा एखादा पुसट फोटोही तसाच. तो आता कुणालाही नव्याने काढता येणार नाही.

म्हणून इथली कसोटी वेगळी हवी: हे पुन्हा मिळेल का? मिळणार असेल तर खुशाल पुसा.

देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. तेव्हापासून रेशन, शिष्यवृत्ती, बँक, सगळं क्रमांकावर आणि पुढे मोबाइलवर आलं. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबाचं दप्तर आज एकाच फोनमध्ये असतं. आधार, जातीचा दाखला, पासबुक यांचे फोटो गॅलरीत मोकळे ठेवू नयेत. फोन हरवला वा विकला की ते परक्या हाती जातात. डिजिलॉकरमध्ये थेट खात्याकडून उतरवून घेतलेला दाखला मूळ कागदाच्या बरोबरीने धरला जातो, गॅलरीतला फोटो नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड बंद केलं तर निम्मी अडगळ येणारच नाही. उरलेली काढायची तर त्याच्या सेटिंग्जमध्ये वारंवार फॉरवर्ड झालेल्या आणि मोठ्या फाइली एकत्र दिसतात, तिथून सुरुवात करा. पावत्या, सातबारा, वनदाव्याची पोच वेगळ्या फोल्डरमध्ये घाला आणि तालुक्याला गेलात की त्यांची छापील प्रतही काढून ठेवा. मेमरी कार्ड बिघडतं.

होळीसाठी घरी आलेली कॉलेजातली मुलं हे काम एका संध्याकाळी करू शकतात. फोन त्यांना चांगला कळतो. पण ती बोटं झरझर चालतात, आणि वाळवीने खाल्लेल्या कागदाचा धूसर फोटो त्यांना कचराच वाटण्याचा संभव आहे. तेव्हा मुलांनो, पुसण्याआधी वडिलांना, आजीला शेजारी बसवा आणि विचारा, हा कागद कशाचा आहे.